टोपण माझ्याकडं राहू द्या

कुणी पेन मागितलं की अण्णा आधी त्या माणसाकडं एकवार नीट बघायचे. मग खिशातलं पेन काढायचे, आटे फिरवून टोपण सोडवायचे, पेन पुढं करायचे आणि टोपण परत आपल्याच खिशाला अडकवायचे. "लिहा निवांत. टोपण माझ्याकडं राहू द्या."

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपल्याकडं निम्मी दुनिया असंच करते. खरं आहे. मलाही पहिल्यांदा हा माणूस नुसता चिकट वाटला होता. अहमदपूरच्या आमच्या बँकेत त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. सगळी शाखा त्यांना अण्णाच म्हणायची, त्यामुळं मीही इथं तेवढंच म्हणतो.

बाजाराच्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसायची आणि दर दुसऱ्या माणसाला पेन पाहिजे असायचं. मी माझ्या टेबलाला दोरीनं बॉलपेन बांधून ठेवलं होतं. अण्णा मात्र स्वतःचं पेन द्यायचे, तेही शाईचं! बॉलपेन दाबून लिहायची सवय लागलेली माणसं त्या बिचाऱ्या निबवर अशी रेलायची की तिचे दोन पाय फाकायचे. संध्याकाळी गर्दी ओसरली की अण्णा चष्मा कपाळावर चढवायचे आणि अंगठ्याच्या नखानं ते पाय पुन्हा जुळवत बसायचे.

"कशाला देता हो?" माझाच जीव वरखाली व्हायचा. "माझ्यासारखं दोरीचं ठेवा की."

"दोरीचं पेन म्हंजे दावणीचं वासरू. माणसाला तोंडावर सांगायलात, बाबा, तू चोर हाईस."

"आणि तुम्ही टोपण ठेवून घेता ते काय मग?"

यावर ते नुसते हसायचे. उत्तर मला लई वर्षांनी मिळालं, तेही परमुलखात.

एकदा गंमत झाली. चाकूरकडचा एक म्हातारा स्लिप लिहून झाल्यावर पेन खिशात टाकून तसाच एसटीत बसला. मी म्हटलं, घ्या, गेलं पेन! आता चाटत बसा टोपण. पुढच्या बाजाराला तो म्हातारा हजर, पण हात जोडून नाही, भांडायला! पांढऱ्या सदऱ्याचा अख्खा खिसा निळा झालेला.

"ओ सायेब, पेन तुमचं असंल, पर सदरा माझा हाय. म्हातारी लई बोलली मला!"

अण्णांनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. "चूक माझीच हाय, मामा. टोपणाबिगर पेन खिशात ठिवू नका म्हणून सांगायला पायजे होतं." तो मामा पुढं दर बाजाराला काम असो नसो, अण्णांना रामराम घालून जायचा. हिवाळ्यात हुरडा आणायचा. मला त्यातला एक दाणाही मिळाला नाही, कारण माझं पेन दोरीचं होतं.

अण्णांच्या संगतीनं मलाही तो नाद लागला. एकदा शाईचं पेन हाताला लागलं की बॉलपेन धरवत नाही. दाढेखाली खडा आल्यागत होतं. निवृत्त होऊन आम्ही दोघं नांदेडला एकाच गल्लीत राहायला आलो, तिथं आम्हाला तिसरी वेडी भेटली. दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या प्रत्येक निब भिंगातून बघायच्या आणि "हिला रूट कॅनॉल लागणार" असा निकाल द्यायच्या. हैदराबादला पेनांचं प्रदर्शन भरतं, हे त्यांनीच शोधून काढलं. मग दरवर्षी आमची तिघांची वारी सुरू झाली. सकाळची गाडी धरायची, धर्माबाद मागं पडलं की डब्यातली भाषा बदलायची, आणि अण्णा खिडकीशी बसून माझ्या दशम्या संपवायचे.

त्या हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर अण्णांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. जत्रेत पाळणा दिसल्यावर पोराचं होतं ना, अगदी तसं. हर टेबलावर पेनं मांडलेली आणि शेजारी निब बुडवून लिहून बघायला दौत आणि कागद ठेवलेला. लोक त्यावर सह्या करतात, नाहीतर इंग्रजी वेलांट्या काढतात. अण्णा प्रत्येक पेनानं एकच शब्द लिहायचे. जोंधळा.

"ळ काढल्याबिगर निब कळत न्हाई," त्यांचं म्हणणं. "तिला दोन्हीकडून वळावं लागतं. तिथं लबाडी चालत न्हाई."

एका टेबलावरचा पोरगेला दुकानदार वाकून बघायला लागला. "ये क्या लिखे, चचा?"

"जोंधळा. जवारी, मियाँ! रोटी खाते ना?"

तेवढ्यात त्याला कुणाची तरी पावती करायची होती. टेबलावर एवढी पेनं, पण शाई एकात म्हणून नाही! त्यानं अण्णांकडंच हात पसरला. अण्णांनी सवयीनं पेन दिलं, टोपण खिशाला लावलं. पोरगा मोठ्यानं हसला. "चचा, मैं खुद पेन बेचता हूँ. आपका लेके कहाँ भागूँगा?"

"चोरी का डर नहीं रे बाबा," अण्णा म्हणाले. "टोपन मेरे पास रहा तो पेन देने कू तुम वापस आते. दो बातां होते."

मी तिथंच उभा होतो. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे कळू नये? पेन परत करायला आलेला माणूस अण्णांच्या टेबलाशी घडीभर थांबायचा. पाऊसपाणी, पोरीचं शिक्षण, म्हशीचं आजारपण, सगळं तिथं निघायचं. मला वाटायचं, अण्णांना वेळेची किंमत नाही. त्या दिवशी मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. गाडीत उरलेल्या दशम्या सगळ्या त्यांच्याकडं सरकवल्या.

प्रदर्शनानंतरच्या रविवारी अण्णांच्या गच्चीवर बैठक व्हायची. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. अण्णा स्वतः सुशीला करायचे, मुरमुरे बेताचे भिजवून, वर शेंगदाण्याचं कूट. मग बघितलेल्या पेनांबद्दल एकेकानं बोलायचं. नियम त्यांचाच होता. "किंमत सांगायची न्हाई. कंपनी सांगायची न्हाई. हाताला काय वाटलं तेवढंच सांगा."

वाटतं तेवढं हे सोपं नाही, मंडळी. किंमत आणि कंपनी काढून घेतली की आपल्याजवळ बोलायला काय उरतं ते करून बघा. मी एका सोनेरी पेनावर भाळलो होतो. हाताकडं ध्यान दिल्यावर म्हणालो, "लग्नात दुसऱ्याचा कोट घालून उभा आहे, असं वाटलं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते काळं जाडं पेन म्हणजे घाबरलेल्या पेशंटचा हात. सोडता सोडेना." आणि अण्णा, लेथवर हातानं घडवलेल्या एका हिरव्या पेनाबद्दल बोलताना मध्येच थांबले. "त्यानं ळ काढला अन् आई आठवली. पाटीवर माझा हात धरून गिरवायची. तसं वाटलं, कुणी वरून हात धरलाय." त्यांचे डोळे भरले होते. आम्ही दोघं सुशीला खात राहिलो.

"मग घेतलं का नाही?" मी नंतर विचारलं.

"माझं हाय की एक. सवत आणली तर हे लिहिणं सोडंल."

गेल्या वर्षी अण्णांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झाली होती. मुलगी ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायला आली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो.

"प्रदर्शनाला तुम्ही दोघं जाऊन या," अण्णा म्हणाले. "पण बैठक मी आल्याबिगर करायची न्हाई. सांगून ठिवतो."

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, आटे फिरवले आणि टोपण माझ्या हातावर ठेवलं.

"हे काय? आणि पेन?"

"पेन माझ्याकडं. या खेपेला टोपण तुमच्याकडं राहू द्या."

"अहो, सुकून जाईल की!"

"शाई काढून ठिवलीय. सुकलं तर सुकलं. आल्यावर धुऊ."

"काय पोरखेळ लावलाय," मी खेकसलो. खेकसलो नसतो तर रडलो असतो. गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीतून स्वतःच्या खिशावर बोट आपटून मला खुणावत होते, टोपण नीट ठेवा म्हणून.

ऑपरेशन चांगलं झालं, असा फोन आला. थोड्याच दिवसांनी दुसरा फोन आला, आणि अण्णा परत आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मुलीनं फोन केला. "काका, बाबांच्या पेनाला टोपण नाही हो. दवाखान्यात पडलं की काय, सगळीकडं शोधलं."

"पडलं न्हाई, पोरी. माझ्याकडं हाय."

"कुरियरनं पाठवाल?"

पाठवता आलं असतं. पण मी म्हणालो, "न्हाई. तू पेन घेऊन ये."

मी आणि डॉक्टरीणबाई प्रदर्शनाला गेलो. मी प्रत्येक टेबलावर जोंधळा लिहिला. तो पोरगेला दुकानदार मागं कुणी आहे का बघायला लागला. "चचा नहीं आए?" मी मान हलवली. त्यानं माझ्यासमोरचा तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मुलगी येईपर्यंत बैठक केली नाही. ती आली, गच्ची झाडली, सुशीला केली. मीठ जास्त झालं होतं, पण आम्ही सगळी संपवली. पेन रुमालात गुंडाळलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वाटीत कोमट पाणी आणलं आणि निब बुडवली. घडीभर काही झालं नाही, मग निळा रंग हळूहळू पाण्यात उतरायला लागला. आल्यावर धुऊ म्हणाले होते. मला राहवलं नाही. म्हातारा माणूस, पोरीसमोर ढसाढसा रडलो.

शाई भरली. टोपण बसवून बघितलं, आटे नीट बसले. मुलीनं त्या पेनानं दोन ओळी लिहिल्या.

"हाताला काय वाटलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिनं टोपण लावलं. "पुढच्या वेळी सांगते," म्हणाली.

निघताना तिनं पेन माझ्यापुढं धरलं. "तुम्हीच ठेवा, काका."

"अगं, बापाचं पेन हाय. मी कसं ठेवू?"

ती ऐकेना. तिनं आटे फिरवले, पेन माझ्या हातात दिलं आणि टोपण आपल्या पर्समध्ये टाकलं. "लिहा निवांत," ती म्हणाली. "टोपण माझ्याकडं राहू द्या."

आता टोपण नाही म्हटल्यावर निब सुकू नये म्हणून मला येताजाता काहीतरी लिहावं लागतं. जोंधळा लिहितो. ळ अजून अण्णांसारखा येत नाही. पोरगी दिवाळीला येणार आहे.