नकाशावर लाल निघालेला धाकट्याचा वाटा

मंडळी, आज दुपारी वालूरला होते. शेतात सेन्सर फिरवून कुठं किती खत द्यायचं, याचे नकाशे मी बनवते.

दोन भावांचं शेत. थोरल्या दत्तरावांचा वाटा हिरवा निघाला, धाकट्याचा बांधापर्यंत लालभडक.

"लाल म्हंजे काय, ताई?" धाकट्याच्या बायकोनं, सुमनबाईंनी विचारलं.

"जमीन वरून काळीभोर दिसते, पण खाली मुळांपाशी क्षार साचलेत. कितीही खत घाला, पीक उठणार नाही. जुनं दुखणं आहे."

त्या शेजारी उभ्या दिराकडं, दत्तरावांकडं वळल्या. "भावजी, तुमी माज्या मालकान्ला चारचौघांत आळशी म्हणायचे. शेवटी त्यान्लाबी तसंच वाटाया लागलं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा घर सोडून गेला. अजून पत्ता नाही.

दत्तराव खाली मान घालून म्हणाले, "वाटणी मीच केली व्हती."

सुमनबाई मला म्हणाल्या, "याचा कागद द्या. ते आले तर दाखवीन."

मी प्रिंट दिली. त्यांनी ती घडी करून पदरात बांधली.

सेन्सर माझ्याकडं तीन वर्षांपासून आहे. वालूरला मी आज पहिल्यांदा गेले. "आधी का न्हाई आल्या?" असं त्यांनी विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?