शंभू गावसची बोटं

काँक्रीट ओतलं की ते घट्ट होता होता आकसतं, आणि आकसताना कुठून तरी फाटतंच. ते मनाला येईल तिथून फाटू नये म्हणून त्यात आधीच सरळ रेघा कापून ठेवतात. मग चीर पडायची ती रेघेच्या खाली पडते, वरून काही दिसत नाही. गोव्यातल्या सर्वणचा शंभू गावस या रेघा कापायचा. घाई केली तर पात्याबरोबर खडी उखडून येते आणि उशीर झाला तर स्लॅब आपणच फाटतो. मधे मिळतो तो तास, फार तर दोन तास, आणि वारा सुटला तर तेवढेही नाहीत.

शंभू मूळचा खनिजाच्या ट्रकावरचा ड्रायव्हर. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. तीन वर्षं घरी बसला. डिचोलीच्या बाजारात कोणी ओळखीचं दिसलं तर दुसऱ्या गल्लीतून जायचा. मग सिमेंटच्या एका रस्त्यावर कटर मशीन ढकलायचं काम मिळालं आणि त्या कामात त्याचा हात बसला. स्लॅबवर उकिडवा बसून तो खिळ्याने एक बारीक रेघ ओढायचा, अंगठ्याने रेघ चाचपायचा आणि उठून म्हणायचा, "आता." इंजिनिअर लोकसुद्धा त्याच्या त्या शब्दासाठी थांबायचे.

सहा वर्षांनी बोटं जायला लागली. आधी सकाळी टोकं पांढरी पडायची, मग दुपारपर्यंत मुंग्या. दिवसभर मशीनची थरथर धरून हातांतली जाणीवच मेली होती. एके दिवशी त्याने उकळत्या चहाचा पेला हातात धरला आणि धरूनच बसला. बायको विनोदिनी ओरडली तेव्हा त्याने खाली पाहिलं. चार बोटांवर फोड उठले होते.

"केन्नापासून ह्यां?" तिने विचारलं.

"वरीस झालां." तो म्हणाला, आणि तिच्यासमोर रडला. "आता माका कोण घेतलो गो कामाक?"

ती बराच वेळ त्याच्या हातांना खोबरेल लावत राहिली. मग म्हणाली, "माका घेवन चला. तुमच्या बोटांचां काम मी करतंय."

पात्यावर पाणी सोडायला बाईमाणूस लागतं, असं शंभूने मुकादमाला सांगितलं. मुकादम कृष्णनाथ परब पेडण्याचा, शंभूच्याच वयाचा. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. विनोदिनी पाइप घेऊन आधी पुढे जायची, वाकून खिळा ओढायची, अंगठ्याने चाचपायची आणि हळूच सांगायची. पहिले दोन महिने तो तिला शंभर प्रश्न विचारायचा. कण सुटतात की नाही? रेघ ओली की पांढरी? पुढे विचारायची गरज उरली नाही. असं वर्षभर निभावलं. कोणी जवळ आलं की मात्र शंभू पुढे सरकून तिला आड करायचा.

एप्रिलात मोपाच्या पठारावर एका गोदामाची जमीन ओतायची होती. आदल्याच आठवड्यात कृष्णनाथ सगळ्यांदेखत हसत म्हणाला होता, "शंभू, तू बायलेक विचारून मशीन चालू करतंस काय रे?" सगळे हसले. शंभूही हसला, पण तेव्हापासून त्याला धड जेवण जाईना.

पहाटे सुरू झालेलं ओतकाम सातला संपलं. दुपारी एकच्या सुमारास पठारावर कोरडा वारा सुटला. विनोदिनीने खिळा ओढला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आता."

कृष्णनाथ दहा पावलांवर उभा होता, शेजारी गोदामाचा मालक. शंभू मोठ्याने म्हणाला, "अजून थांबूक होया." मग आपण स्वतः खाली बसला, खिळा ओढला, रेघेवर अंगठा फिरवला. अंगठ्याला काही म्हणता काही कळलं नाही. तरी त्याने मान हलवली.

"आयकतांत मां?" ती पुटपुटली. "वारो बघा. थांबू नकात."

"तू पायप धर!"

तिने पाइप उचलला. अर्ध्या तासाने त्याने मशीन चालू केलं. पहिली रेघ नीट गेली, दुसरीही गेली. तिसरी अर्ध्यावर आली आणि पात्याच्या पुढे, अजून न कापलेल्या जागेत, केसाएवढी चीर उमटली. तिने रेघ सोडली, तिरकी वळली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खांबापर्यंत जाऊन पोचली.

शंभूने मशीन बंद केलं.

मालकाने कृष्णनाथकडे पाहिलं आणि कृष्णनाथ विनोदिनीवर तुटून पडला. "पाणी सोडूक येत नाय तुका? पातां तापलां म्हणान फाटलां ह्यां! कोणी आणलां हिका हंय?"

ती खाली बघत उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती, पण शंभू अडकला असता. पाइपमधलं पाणी तिच्या पायांवर वाहत होतं.

"तिका बोलू नको." शंभू म्हणाला. "ती मघाशीच 'आता' म्हणालेली. मी आयकूक नाय. माझ्या बोटांक दोन वरसां कायच कळत नाय, कृष्णनाथ. कामाचो वखत तीच सांगता."

कृष्णनाथ पुढे आला. त्याने शंभूचा हात उचलला आणि करंगळी करकचून चिमटली.

"लागता?"

"खंय?" शंभूने विचारलं. तो समोर बघत होता; कुठे चिमटलं ते त्याला कळलंच नव्हतं.

कृष्णनाथने हात सोडला. त्याचा आवाज खाली आला. "फाल्यांपासून कामाक येव नको तू."

"झाडू मारतंय. पाणी भरतंय. कायय करीन."

"भरलेली बादली हातातसून सुटली तर तुका कळतलां?" कृष्णनाथने विनोदिनीकडे पाहिलं. "बायलेक धाड."

म्हापशाच्या डॉक्टरांनी दोन्ही हात उलटसुलट तपासले. शिरा गेल्यात, परत येणार नाहीत, मशीनला आता हात लावू नका, म्हणाले. खरंच परत येणार नाहीत का, असं शंभूने दोनदा विचारलं. उत्तर बदललं नाही.

आता विनोदिनी एकटी जाते. कटरवर ओडिशाकडचा एकजण आलाय. त्याला हिची भाषा येत नाही. ती हात वर करते, तो मशीन चालू करतो. सकाळी निघण्याआधी ती शंभूच्या शर्टाची बटणं लावून देते, भाकरीचे तुकडे करून ठेवते. सुरुवातीला ती संध्याकाळी आली की तो दारातच विचारायचा. वारा होता? कितीला कापलं? कडेला खडी उखडली का? ती पाय धुता धुता सगळं सांगायची. एकदा अंग फार दुखत होतं म्हणून ती म्हणाली, "आज नको वो."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं नाही. तिला चुटपुट लागली. चूल पेटवता पेटवता तिने आपणहूनच सांगायला सुरुवात केली, की आज पत्र्याच्या सावलीतली बाजू उशिरा घट्ट झाली, म्हणून ती शेवटी कापायला लावली. ही आपली समजूत घालतेय हे ओळखून शंभू उठला, बाहेर अंगणात गेला आणि तिचं बोलणं थांबेपर्यंत तिथेच पाठमोरा उभा राहिला.