वर्गणीमामा आणि बिल्डरचे तीन लाख

वर्गणीमामा पावतीपुस्तक घेऊन जिना चढायला लागले की आमच्या इमारतीतले सगळे पुरुष एकदमच आंघोळीला जायचे. संध्याकाळी सात वाजतासुद्धा. मामांना त्याचं काही वाटत नसे. "होऊ दे सावकाश," असं म्हणून ते पायरीवर बसायचे आणि साहेब ओले होऊन बाहेर येईपर्यंत शेजारचं घर उरकून घ्यायचे. 'देता का' असं त्यांनी कधी विचारलं नाही. पेनाचं टोपण काढून ते एवढंच म्हणत, "किती लिहू?" या प्रश्नाला 'काही नको' असं उत्तर द्यायला फार मोठं धैर्य लागतं, आणि ते आमच्या सोसायटीत कुणाकडेच नव्हतं.

बुधवार पेठेत त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि तिथल्या गणपती मंडळाचे ते वर्षानुवर्षं खजिनदार होते. दुकान विकून ते मामींसह कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा ही सवय सामानाबरोबर आलीच. सोसायटीचा गणपती असो, लिफ्टची दुरुस्ती असो नाहीतर वॉचमनच्या मुलीचं लग्न असो, पैसे गोळा करायचे म्हटलं की मामा. मी नोकरीला हिंजवडीला जाते, म्हणजे जागेपणीचं निम्मं आयुष्य कंपनीच्या बसमध्येच काढते. तरी त्यांनी मला गाठून स्वतःची मदतनीस करून टाकलं. माझी संमती विचारल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं खरं वैशिष्ट्य मात्र वेगळंच होतं. पाचशेच्या वर ते एक रुपया घेत नसत. कुणी उत्साहानं पाच हजार पुढे केले तर पाचशे ठेवून बाकीचे परत. पुण्यात नेलेली छत्री परत येत नाही, तिथे हा माणूस वर्गणी परत करायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "एका वर्षी पेठेतल्या एका सराफानं मंडळाला एकरकमी पन्नास हजार दिले. आम्ही त्याला शाल दिली, नारळ दिला, अध्यक्षांशेजारी खुर्ची दिली. विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडा त्याच्या दुकानासमोर आला, तर म्हणतो, जरा थांबू दे की, घरची मंडळी ओवाळतायत. पाऊण तास ओवाळत होते. पुढच्या वर्षी मांडवच त्याच्या दारात गेला. अगं, जो पैसे देऊन गणपतीला थांबवतो, तो नगरसेवकाला हलू तरी देईल का?"

"देणाऱ्याचा हात बघू नये, बोट बघावं. ते कुठे दाखवतंय ते," हे त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं.

रखडत रखडत एकदाची महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या सी विंगमधल्या गजभिये मॅडमनी अपक्ष अर्ज भरला. मॅडम मूळच्या नागपूरच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुद्दा एकच होता. सोसायटीच्या फाटकासमोर मुलांच्या खेळासाठी राखीव असलेलं मैदान आहे, त्याचं आरक्षण उठवून तिथे इमारत बांधायचा एका बिल्डरचा बेत होता आणि तो बेत हाणून पाडायचा होता. सोसायटीतले एक गृहस्थ मामांना म्हणाले, "बाई हुशार आहेत हो, पण आपल्याकडची मतं पडतील का त्यांना?" मामांनी विचारलं, "आपल्याकडची म्हणजे कुठली?" त्या गृहस्थांना एकाएकी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

मॅडमना चिन्ह मिळालं इस्त्री. आमच्या इस्त्रीवाल्याचा पाठिंबा त्याच दिवशी पक्का झाला, फक्त त्याचं मत उत्तर प्रदेशात होतं. समोर उमेदवार होते भाऊ. आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, गरजही नव्हती. भाऊंनी दिवाळीला उटणं आणि सुगंधी तेल वाटलं, बायकांसाठी खेळ ठेवून पैठण्या दिल्या आणि शेवटी आमची अख्खी इमारत रंगवून द्यायची तयारी दाखवली. त्यासाठी सोसायटीची खास सभा झाली. मत कुणाला द्यायचं यावर एक शब्द निघाला नाही. दोन तास वाद झाला तो रंग बदामी असावा की मोतिया, यावर. मामा एकटेच उठून म्हणाले, "भाऊंना रंगाचे पैसे कोण देतंय, हे कुणी विचारलंय का?" अध्यक्ष म्हणाले, "मामा, विषयपत्रिकेवर फक्त रंग आहे."

मॅडमच्या प्रचाराची वर्गणी अर्थातच मामांकडे होती आणि मर्यादा तीच, पाचशे. प्रचाराचं कार्यालय म्हणजे मॅडमची गाडी बाहेर काढून रिकामी केलेली पार्किंगची जागा. रोज कोपऱ्यावर छोटी सभा व्हायची. मामा मंडळाच्या पद्धतीनं आधी माईक घ्यायचे आणि त्या दिवशीच्या वर्गणीदारांची नावं वाचायचे. "श्रीमती अमुक यांजकडून रुपये दोनशे. आभारी आहोत." ऐकायला वीस माणसं असायची, त्यांतली पंधरा स्वतःचं नाव ऐकून घरी जायची.

शेवटच्या आठवड्यात पत्रकांपुरते पैसे उरले नाहीत. छापणारा उधार द्यायला तयार नव्हता. नेमकी त्याच दुपारी मॅडमकडे बिल्डरची माणसं आली, फार सभ्यपणे बसली आणि तीन लाख ठेवून गेली. अट काही नाही, चांगली माणसं राजकारणात यावीत एवढीच साहेबांची इच्छा, असं सांगून. संध्याकाळी मॅडमनी ती पिशवी मामांपुढे ठेवली. मी तिथेच होते.

"मामा, मर्यादा या वेळेपुरती बाजूला ठेवा जी. पत्रकं नाही निघाली तर मैदान जाते. मी मैदानासाठीच घेऊन राहिली ना?"

मामांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "उमेदवार तुम्ही आहात. तुम्ही म्हणाल ते. फक्त पद्धत माझी राहील."

मॅडमना वाटलं, पद्धत म्हणजे पावती. त्या बिचाऱ्या 'हो' म्हणाल्या.

त्या संध्याकाळच्या सभेत मामांनी माईक घेतला. कुणाचे शंभर, कुणाचे पाचशे वाचले आणि त्याच सुरात बिल्डरचं पूर्ण नाव, त्याच्या कंपनीचं नाव वाचून म्हणाले, "यांजकडून रुपये तीन लाख. आभारी आहोत." मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता लोक उठून जाणार, शिव्या घालणार.

माझा अंदाज पार चुकला. लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. "तीन लाख? म्हणजे बाई चालणार की," असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या गृहस्थांचं दूध गॅसवर होतं, ते स्वतःहून बिल्ला लावून आले. मैदान वाचवणाऱ्या बाईंना मैदान खाणाऱ्यानं पैसे दिले, तर त्यांतून लोकांनी एवढाच अर्थ काढला की बाई निवडून येणार. मामा कोपऱ्यात बसून हे बघत होते. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी बिल्डरचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला. आवाज अगदी मऊ होता. "मॅडम, माझं नाव घेतलंत, हरकत नाही. आता फक्त मैदानाचं नाव घेऊ नका. मतदानापर्यंतच म्हणतोय."

फोन बंद झाला. मॅडमनी पिशवी उचलली आणि मामांच्या हातात दिली. "देऊन या. आणि माईकवरही सांगा."

मामांनी दोन्ही केलं. "रुपये तीन लाख परत केले आहेत. आभारी आहोत," असं त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पेठेतल्या मिरवणुकीत लागावा तसा लागला होता. पुढच्या सभेला पुन्हा वीस माणसं. बिल्लेवाले गृहस्थ दिसले नाहीत.

मॅडम पडल्या. साध्यासुध्या नाही, चांगल्या आपटल्या. नऊशे मतं पडली, भाऊंना त्याच्या दहापट. इमारतीला मोतिया रंग लागला. मामा मात्र उरलेली वर्गणी वाटून परत द्यायला पुन्हा घरोघर फिरले. प्रत्येकी चाळीस रुपये निघत होते. सगळ्यांनी घेतले. ज्यांनी भाऊंना मत दिलं त्यांनीही घेतले, आणि त्यांतल्या एकानं नोट फाटकी आहे म्हणून बदलून मागितली.

पावसाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा निवडणुकीचा राग माझ्या मनात तसाच होता. मी म्हणाले, "मामा, एवढं करून काय मिळालं? नऊशे मतं."

ते उशीला टेकून हसले. "अगं, मी इतक्या निवडणुका पाहिल्या. प्रत्येक मतामागे कुणाचा तरी रंग, कुणाची तरी पैठणी. ही नऊशे माणसं एका दमडीशिवाय बाहेर पडली. उन्हात रांगेत उभी राहिली. कशासाठी? दुसऱ्याची पोरं खेळावीत म्हणून. मला वाटलं होतं, असं एकही माणूस निघायचं नाही."

त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. पंधरवड्यानं ते गेले.

सकाळी शववाहिका फाटकाशी आली तेव्हा मैदानाच्या कुंपणावर भलामोठा फ्लेक्स बांधून झाला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधोमध हात जोडलेले भाऊ पुरुषभर उंच, आणि वरच्या कोपऱ्यात मामा, टपालाच्या तिकिटाएवढे. भाऊंचे कार्यकर्ते ताठ उभे होते. आम्ही सगळे खाली बघत होतो. अशा वेळी बोलायचं नसतं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

मामी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज आम्ही फारसा ऐकला नव्हता. त्या फ्लेक्ससमोर थांबल्या आणि जवळच्या कार्यकर्त्याला म्हणाल्या, "याचे पैसे कुणी दिले?"

"भाऊंकडून आहे, आजी."

"भाऊंना कुणी दिले?"

फ्लेक्सच्या तळाशी 'सौजन्य' म्हणून बिल्डरच्या कंपनीचं नाव होतं. आम्ही ते आधीच वाचलं होतं.

"काढा," मामी म्हणाल्या. "काढल्याशिवाय त्यांना नेऊ देणार नाही मी."

कार्यकर्त्यानं कुणाला तरी फोन केला, मान हलवली आणि दोर सोडायला घेतले. गजभिये मॅडम पुढे झाल्या आणि दुसऱ्या टोकाचा दोर त्यांनी सोडला. मग मी गेले. मग ते दूधवाले गृहस्थही आले, खरंच आले. फ्लेक्स खाली पडला आणि मागे मैदान दिसलं. आरक्षण उठवण्याला मॅडमनी घेतलेली हरकत अजून सुनावणीत आहे, त्यामुळे मैदान अजून आहे. तिथे दोन संघांचा सामना चालला होता. कुठल्याही मंडळाचा नाही, कुणाच्या चषकाचा नाही, नुसता. मामा गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथे उभी राहून खूप रडले.