विहिरीचं पाणी

मानपाड्याच्या हर्षाली भोईरला चार दिवस चैन नव्हतं. प्रयोगशाळेत नाल्याचं, नळाचं, तिच्या घरामागच्या विहिरीचं, कुठलंही पाणी तपासलं तरी त्यात नॅफ्थलीन निघायचं. अगदी शुद्ध केलेल्या पाण्यातसुद्धा. काचसामान तीनदा धुऊन झालं, सोबतच्यांवर खेकसून झालं.

पाचव्या दिवशी घरी इस्त्रीचा पांढरा कोट काढताना तिला घडीत डांबराच्या गोळ्या दिसल्या. त्या नॅफ्थलीनच्याच.

“कसर लागते ना बाय,” आई म्हणाली.

हर्षालीने नवा कोट घालून सगळं पुन्हा तपासलं. शुद्ध पाणी स्वच्छ निघालं, नळाचंही. नाल्याच्या पाण्यात मात्र नॅफ्थलीन तसंच होतं, आणि विहिरीच्याही.

टेबलावर आईने सकाळी त्याच विहिरीतून भरून दिलेली बाटली होती. अर्धी संपलेली.