पत्रकाच्या तळाची ओळ

आज रत्नागिरीतल्या छापखान्यातून आणलेला पत्रकांचा गठ्ठा सोडला आणि ताज्या शाईच्या वासासरशी आमची पडवी आठवली.

त्या दुपारी बाबा त्यांच्या संघटनेच्या जयंती-कार्यक्रमाच्या पत्रकांना घड्या घालत होते. शेजारी संगणकावर मी. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची माझी आवृत्ती तयार झाली होती. मराठी कळफलक, मराठी मेनू, जुन्या मशीनवरही चालेल इतकी हलकी. दुसऱ्या दिवशी ती देवरूखच्या शाळेत द्यायची होती. पडद्यावर एकटं माझं नाव झळकत होतं. मूळ लेखकांची नावं आणि वापराच्या अटी सांगणारी परवान्याची फाईल मी काढून टाकली होती.

"सगळं तूच लिहिलंस काय गो?" बाबांनी विचारलं.

"नाही, हजारो लोकांनी. पण फुकट आहे ना, कुणीही वाटावं."

त्यांनी पत्रकाच्या तळावर बोट ठेवलं. तिथे प्रकाशक आणि मुद्रक यांची नावं होती. "हेपण फुकटच वाटतो आम्ही. म्हणून खालची ओळ कापतो काय? पोरांना चोरीचा माल देणार तू?"

बाबांच्या संघटनेची मालकशाहीविरुद्धची पत्रकं वाचत वाढलेली मी, आणि चोर? रागारागाने परवाना उघडला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. बदलायचा हक्क होता, वाटायचाही होता. नावं पुसायचा नव्हता. उलट मूळ कोडही मागेल त्याला देणं बंधनकारक होतं. संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी घातलं आणि आवृत्ती नव्याने बांधली.

तेव्हा वाटलं होतं, बाबांनी माझी हौस मोडली. आजच्या पत्रकात मी मुलांना लिनक्सची स्वतःची आवृत्ती बांधायला बोलावलं आहे. तळाशी, प्रकाशक-मुद्रकाच्या नावांसोबतच छापलंय: कुणीही छापावं, बदलावं, वाटावं. ही ओळ मात्र ठेवावी.