वाटून घेतलेलं माहेर

माझं माहेर दिघाशीला. भिवंडीहून एसटीने सहज जाऊन येण्यासारखं. तरी लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मी तिथे तीनदाच गेले. कारण आक्का.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, मानकोलीला दिलेली. सासू लवकर गेल्यामुळे माझ्या नवऱ्याला त्यांनीच वाढवलं होतं. भावाचं घर हेच त्यांचं माहेर. महिन्या-दीड महिन्याने त्या पिशवी घेऊन दारात उभ्या राहत आणि आठ-आठ दिवस मुक्काम ठोकत. सकाळचं कालवण त्यांना संध्याकाळी चालत नसे. भाकरी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. मी जरा काही बोलले, की कापडाच्या लूमवर शिफ्ट करून आलेला नवरा म्हणे, "तिने मला कडेवर घेऊन वाढवलंय. सांभाळून घे जरा."

मी सांभाळून घेई. दुपारी भांडी घासताना मात्र आईचं सारवलेलं अंगण डोळ्यांपुढे येई आणि हात थांबत.

एका थंडीत बा मला न्यायला आला. सोबत वालाच्या शेंगा होत्या. मी पातळ बदलून, केस विंचरून तयार होते. पण आक्का आदल्या दिवशीच आलेल्या.

"मी आलेय नि ही चालली?" त्या म्हणाल्या. "मंग मी कोणाकडं आले?"

नवरा खाली बघत राहिला. बाने अर्धा चहा तसाच ठेवला. "ऱ्हाऊं द्या. पुढच्या खेपेला नेईन," म्हणाला आणि एकटाच परत गेला. मी त्याच शेंगा सोलून संध्याकाळी भाजी केली. आक्कांनी दोनदा वाढून घेतली, मीठ कमी आहे म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी पाण्याचा तांब्या देता देताच म्हटलं, "आक्का, उद्या मी आईकडं जातेय. तुम्ही पण चला."

"माझं काय काम तिथं?"

"काम काही न्हाय. नुसतं बसायचं."

त्या आल्या. गाडीत धूळ येते, सीट टोचते, असं सगळी वाट बोलत आल्या. आईने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटीवर बसवलं आणि खोबरेल तेलाची वाटी आणली. "डोकं किती कोरडं झालंय बाय तुझं. बस हितं." आक्का आईच्या पुढ्यात बसल्या आणि डोळे मिटून घेतले. मी आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. त्या दिवशी त्यांनी काहीच मागितलं नाही. सकाळचं कालवणसुद्धा मुकाट्याने जेवल्या.

तेव्हापासून पिशवी खाली ठेवण्याआधीच त्या विचारत, "दिघाशीला कधी जायचं?" घरातली धुसफूस थांबली. नवरा म्हणाला, "तुला जमलं बघ." मला जमलं होतं खरं. पण आता माहेरी गेले तरी मी चुलीपाशी आणि आक्का आईजवळ.

एकदा माझ्या पोटातलं मूल राहिलं नाही. ते आईला एकटीला सांगायचं म्हणून मी गेले, तर आक्काही सोबत आल्या. दिवसभर आम्हा मायलेकींना निवांत वेळच मिळाला नाही. एसटीपर्यंत आई पोहोचवायला आली, पण तिचा हात आक्कांच्या हातात. मी गाडीत चढताना तिने माझ्याकडे बघितलं.

"बाय, बरी हायस ना?"

"हाय," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात आई तापाने गेली. आक्का "माझी आय गेली" म्हणत अशा कोसळल्या, की बायकांनी आधी त्यांना धरलं. मीच त्यांना पाणी पाजलं. त्या माझा हात घट्ट धरून रडत होत्या आणि मला त्यांचा राग येत नव्हता.

अजून कधी दिघाशीची पाटी दिसली, की वाटतं, एकटीने उतरावं, कोणालाही न सांगता. आईने विचारावं, बरी हायस ना, आणि मी नाही म्हणावं.