पडून राहिले

नसीम मॅडम पडायच्या आधी सांगत. देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात माझा पहिला दिवस होता. फाटकात एक उंच मोटरसायकल थांबली आणि वरून हाक आली, "पडून राहिले!" मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पडून राहिलेला माणूस आडवा असतो, आणि बाई तर उभ्या दिसत होत्या. या व्याकरणात मी अडकलो तेवढ्यात डॉक्टर आणि गाडी दोन्ही माझ्या अंगावर आल्या. "सांगितलं होतं ना?" खालून त्या म्हणाल्या. मॅडमच्या बोलीत 'पडून राहिले' म्हणजे 'पडते आहे', हे मला असं समजलं.

मॅडमची उंची बेताची. डोंगर-नाल्यात चालणारी ती गाडी इतकी उंच, की थांबल्यावर एकच पाय टेके, तोही चवड्यावर. बुटकी गाडी घ्या म्हटलं की म्हणत, "काळ्या मातीत स्कूटी बसून राहते, सातारकर. मला जायचं हाय, उभं न्हाई राहायचं." माझं आडनाव त्यांनी कधी वापरलं नाही. मी पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे व्यवहारात त्यांच्या मागच्या सीटवर बसणारा. त्या पडत तेव्हा मीही पडे. खात्यात त्याची वेगळी नोंद नव्हती.

मी सुट्टीवर असताना मात्र त्या एकट्याच पडल्या. माधवरावांच्या शेतावर गाय अडली होती, तिकडे जाताना चिखलात गाडी घसरली आणि घोटा खाली अडकला. वाटेवर माणूस येईपर्यंत बराच वेळ गेला. गाय वाचली, वासरू गेलं. मी परत आलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पडल्याचं काही न्हाई. उठायला उशीर झाला." मोठ्या साहेबांनी ठरवलं, मॅडमनी आता टेबलावर बसावं, गावं दुसरं कुणीतरी बघेल. मॅडमनी एक महिना मागून घेतला आणि मला घेऊन लातूर गाठलं.

इंजिनाभोवती बसवायचं लोखंडी नळ्यांचं गार्ड घ्यायचं होतं. दुकानदारानं चकचकीत गार्ड पुढं केलं. "दिसायला एक नंबर, मॅडम."

"दिसायला मी हाय की वर बसलेली."

दुसरं एकाच बोल्टवर इंजिनाला लटकत होतं. "म्हणजे पाय वाचवायला पोटात मारून घ्यायचं," म्हणून तेही परत गेलं. तिसरं चेसीला वर-खाली दोन्ही बाजूंनी धरत होतं. त्यांनी गमबूट घालून ब्रेक दाबून पाहिला, नडगी आणि नळीमध्ये मूठ घालून पाहिली. मेकॅनिकनं पहिलाच बोल्ट पान्यानं करकचून आवळला. शेवटचं भोक बोटभर चुकलं, तसा त्यानं हातोडा उचलला. मॅडमनी तो काढून घेतला, सगळे बोल्ट ढिले करायला लावले. "आधी सगळे हातानं, मग पाना. वासराचं बी तसंच. डोकं कुठं, पाय कुठं, हात घालून बघायचं, मग ओढायचं." माझं लग्न ठरत होतं तेव्हाही त्यांनी मला हाच सल्ला दिला. बायकोला मी तो अजून सांगितलेला नाही.

बसवून झाल्यावर म्हणाल्या, "आता पाडून बघू."

"नवीन हाय, मॅडम. स्क्रॅच पडल," दुकानदार कळवळला.

"मग कशाला हाय ते?"

जमिनीवर पोती टाकली. मॅडम गाडीवर बसल्या आणि गाडीसकट डाव्या कुशीवर पडल्या. गाडी गार्डावर तिरकी टेकून राहिली. खालून त्यांनी पाय अलगद काढला आणि सगळ्या दुकानाकडे बघून हसल्या. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

महिना संपायच्या आत माधवरावांचा फोन आला. दुसरी गाय, तीच वाट, तोच चिखल. "पडून राहिले!" एव्हाना मला तेवढी सूचना पुरे होती, मी उडी मारली. गाडी गार्डावर टेकली, मॅडम उठल्या, दोघांनी गाडी उभी केली आणि गोठा गाठला. वासरू उलटं होतं. त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून घेतले. मग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असलेलं वासरू बाहेर आलं आणि शिंकलं.

"पडलात का, मॅडम?" माधवरावांनी आता कुठं चिखल पाहिला.

"हाव. उठले बी."

साहेबांनी टेबलाचा हट्ट सोडला. पण टेबल रिकामं कसं ठेवायचं, म्हणून तिथं मला बसवलं.

पुढं मॅडमची नांदेडला बदली झाली. निघताना गाडी फाटकात थांबली. गार्डाचा रंग दोन्ही बाजूंनी उडून लोखंड दिसत होतं. "सातारकर, जाऊन राहिले," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत ही भाषा मला येऊ लागली होती. 'जाऊन राहिले' म्हणजे 'निघते', एवढंच. पण त्या दिवशी ते मला माझ्या गावच्या मराठीत ऐकू आलं: जाऊन तिथंच राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

मी टेबलाशी परत आलो आणि पडून राहिलो. त्यांच्या मराठीत आणि माझ्याही.